ब्लॉक उतरल्यानंतरची रात्र

आज या परिषदेत एक तक्रार मांडायची आहे आणि ती आपल्या भूलतज्ज्ञांच्या घरातलीच आहे.

१९११ साली जर्मनीत कुलेनकाम्फ यांनी हाताला भूल देणारा ब्लॉक स्वतःवरच करून पाहिला. त्या काळी सुई अंदाजाने जायची. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं टोक दिसतं. ब्लॉक लागेल की नाही ही धाकधूक बरीच कमी झाली. तो उतरेल तेव्हा काय होईल, याचा विचार मात्र तेवढा वाढला नाही.

मनगटाचं हाड मोडलेला रुग्ण घ्या. सकाळी ब्लॉक देऊन प्लेट बसवली. संध्याकाळी तो डाव्या हाताने मजेत जेवतो. सिस्टर गोळी पुढे करतात, तर म्हणतो, "दुखतच नाही, मग गोळी कशाला?" गोळी उशाशी राहते. रात्री दोनला बोटांना मुंग्या येतात आणि अर्ध्या-पाऊण तासात असा ठणका सुरू होतो की माणूस उठून बसतो. भूलतज्ज्ञ तेव्हा घरी झोपलेला असतो. केसपेपरवर शेरा असतो : 'ब्लॉक उत्तम.'

हा ठणका अपवादाने येत नाही. 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'त २०२१ साली ९७२ रुग्णांचा अभ्यास आला. ब्लॉक उतरताना वेदना सौम्यावरून थेट तीव्र झालेले रुग्ण त्यात जवळजवळ निम्मे होते. तरुण वय, स्त्री रुग्ण आणि हाडाची शस्त्रक्रिया असेल तिथे धोका जास्त; शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून डेक्सामेथासोन दिलेलं असेल तिथे कमी.

मुख्य कारण साधं आहे. ब्लॉक वेदनेचा निरोप अडवतो; जखमेतला दाह थांबवत नाही. ब्लॉकमधलं बुपिव्हाकेन ओसरलं की साठून राहिलेला सगळा दाह एकदम जाणवतो आणि रक्तात दुसरं कुठलंच वेदनाशामक नसतं. म्हणून उपाय वेळेत आहे. पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड व जठर साथ देत असतील तर दाहशामक गोळी, हात बधिर असतानाच सुरू व्हायला हवी आणि पहिले दोन दिवस घड्याळाप्रमाणे चालायला हवी. 'दुखल्यास घ्या' हा शेरा इथे घातक आहे. मधुमेह्याची साखर सांभाळून डेक्सामेथासोनचा विचार करा. मोठ्या शस्त्रक्रियेत, देखरेखीची सोय असेल तर, ब्लॉक लांबवणारा कॅथेटर ठेवा.

एक इशारा तरुण मित्रांना. ब्लॉकनंतरचं प्रत्येक दुखणं 'ब्लॉक उतरतोय' म्हणून सोडून देऊ नका. बोटं ताणल्यावर जीव जाण्याइतकी कळ येत असेल, प्लास्टर आवळत असेल, औषधाला दाद मिळत नसेल, तर आधी तो हात डोळ्यांनी पाहा. कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंत वाढलेला घातक दाब, फोनवर ओळखू येत नाही.

ब्लॉक टाळा, असं मी म्हणत नाही. पूर्ण भुलीचा धोका त्याने टळतो, मळमळ कमी होते, पहिले काही तास सुखाचे जातात. पण रात्री दोनला कळवळणारा रुग्ण ते तास विसरतो आणि पुढच्या वेळी म्हणतो, "मला पूर्ण भूलच द्या."

म्हणून माझी मागणी मोठ्या यंत्राची नाही. ब्लॉक देण्याआधी रुग्णाला आणि त्याच्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकाला सांगा की हा हात रात्री जागा होईल. डिस्चार्ज कार्डावर गोळीची वेळ मराठीत, ठळक आकड्यांत लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करा आणि रात्र कशी गेली ते विचारा. त्याचं उत्तर केसपेपरवर नोंदवेपर्यंत 'ब्लॉक उत्तम' हा शेरा लिहू नका.