संप्रेरक उपचारांचा खर्च : किंमत, चिठ्ठी आणि विमा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रजोनिवृत्तीच्या काळात घ्यावयाची संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, आणि त्यांवर होणारा खर्च हा आजचा विषय आहे. आपल्याकडे तो वैद्यकाच्या, आणि त्याहूनही घरातील कुजबुजीच्या कक्षेत ठेवला जातो. मी स्वतः त्याच वयोगटातील असल्याने मला त्याचा संकोच नाही. शिवाय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या निबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांहून वेगळी का असते, याची मांडणी केली. भाजी घेताना निवडणारा, खाणारा आणि पैसे देणारा बहुधा एकच असतो. औषधाच्या बाबतीत निवड डॉक्टर करतात, सेवन रुग्ण करतो आणि पैसे रुग्ण, शासन किंवा विमा कंपनी यांपैकी कोणीतरी भरते. औषध स्वस्त कसे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे एका जागी सापडत नाही.

आधी उपचाराविषयी दोन शब्द. बीजांडकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन रजोनिवृत्तीच्या सुमारास कमी होते. अंगातून वाफा जाणे, झोपमोड, हाडांची झीज हे त्याचे परिणाम. इस्ट्रोजेन गोळी, जेल किंवा त्वचेवर चिकटवावयाच्या पट्टीच्या रूपात दिले जाते. गर्भाशय शाबूत असेल तर त्याच्या अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधही द्यावे लागते. २००२ साली अमेरिकेतील एक मोठी चाचणी स्तनाचा कर्करोग व हृदयविकाराच्या धोक्यामुळे मुदतीपूर्वी थांबविण्यात आली आणि जगभर या उपचारांचा वापर घसरला. पुढील विश्लेषणांतून असे दिसले की साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या, लक्षणांचा त्रास असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांना यात धोक्यापेक्षा लाभ अधिक आहे. उपचार घ्यावा की नाही हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

आता इंग्लंडचे उदाहरण पाहू. तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवेत चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ठराविक शुल्क भरावे लागते. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे ते नाही. इंग्लंडमध्येही साठी ओलांडलेल्यांना माफी आहे. म्हणजे शुल्काचा भार नेमका पन्नाशीतल्या स्त्रीवर येतो, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन स्वतंत्रपणे लिहिले तर शुल्कही दुप्पट. कॅरोलिन हॅरिस या खासदारांनी २०२१ साली मांडलेल्या खाजगी विधेयकामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला. १ एप्रिल २०२३ पासून केवळ या संप्रेरकांसाठी वार्षिक आगाऊ शुल्काचे प्रमाणपत्र सुरू झाले. त्याची किंमत दोन शुल्कांइतकी, म्हणजे त्यावेळी १९.३० पौंड. दरमहा दोन औषधे घेणाऱ्या स्त्रीस एरवी वर्षाला २३१.६० पौंड मोजावे लागले असते.

हे गणित येथे थांबत नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांची औषधे एकदम लिहिली असती, तर वर्षाला आठच शुल्के पडून खर्च ७७.२० पौंडांवर आला असता. म्हणजे प्रमाणपत्राविनाही दोनतृतीयांश बचत केवळ चिठ्ठीच्या मुदतीतून होते. शिवाय जिला मधुमेह नसला तरी रक्तदाब, दमा अशा अन्य विकारांची औषधेही लागतात, तिने सर्व औषधांना लागू होणारे, त्यावेळी १११.६० पौंडांचे वार्षिक प्रमाणपत्र घेणेच किफायतशीर ठरे. वर्षाला बारा औषधांनंतर ते परवडते.

परीक्षेत यावर प्रश्न आला तर एक भेद विसरू नका. या योजनेने औषधाची किंमत कमी झालेली नाही. रुग्णाचा वाटा कमी होऊन उरलेला भार सार्वजनिक तिजोरीवर गेला. आणि रुग्णाला स्वस्त वाटणाऱ्या वस्तूचा पुरवठा आपोआप वाढत नाही. २०२२ साली ब्रिटनमध्ये मागणी वाढून काही संप्रेरक औषधांचा तुटवडा झाला आणि एका वेळी तीन महिन्यांहून अधिक पुरवठा देण्यावर निर्बंध घालावे लागले होते.

आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत पैसे देणारा तिसरा कोणी नसतोच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे. तरीही काउंटरवर पर्स उघडावी लागतेच, आणि म्हणून आपला भर प्रत्यक्ष किमतीवर राहिला.

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत लागू होते. किमान एक टक्का बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या, किरकोळ विक्रेत्यास पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढून तिच्यात १६ टक्के नफा मिळविला की ती किंमत येते. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च हा आधार होता; तो येथे नाही. यादीबाहेरील औषधांची कमाल किरकोळ किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही, पण आरंभीची किंमत किती असावी यावर बंधन नाही. पहिली किंमत चढी ठेवणाऱ्याला हा नियम फारसा जाचत नाही.

मग स्वस्त पर्याय निवडावा, असे सुचेल. २००८ पासून सुरू असलेल्या जन औषधी योजनेच्या केंद्रांची संख्या २०२३ मध्ये दहा हजारांवर गेली. तेथे मिळेल त्या औषधात मोठी बचत होते. मात्र भारतीय औषध नियमांनुसार अनुसूची 'एच'मधील औषधाची चिठ्ठी असेल तर विक्रेत्याला लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड, घटक तोच असला तरी, देता येत नाही. डॉक्टरांनी केवळ घटकनाम लिहिले असेल तरच ग्राहकाच्या निवडीला अर्थ उरतो. ते सक्तीचे करणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे विनियम ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. घटकनामाने लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करता येते; पण डॉक्टरांसमोर तशी विनंती करू शकणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे किती, याचा अंदाज आपणास असेलच.

आता ज्या स्त्रियांपर्यंत ही चिठ्ठीच पोहोचत नाही त्यांच्याकडे वळू. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशी न गाठलेल्या अनेक होत्या. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. तरुण वयात ती आल्यास, विरोधी कारण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे वैद्यकीय मत आहे. गर्भाशय नसल्याने प्रोजेस्टेरॉनचा खर्च बहुधा वाचतो. पण पंधरा वर्षे रोज घ्यावयाचे औषध हंगामागणिक स्थलांतर करणाऱ्या बाईला कोण लिहून देणार आणि कोण पुरविणार?

येथे विम्याची रचना पाहा. आयुष्मान भारत योजना प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते. औषधांसाठी भरतीपूर्वीचे तीन व भरतीनंतरचे पंधरा दिवस धरले जातात. तिच्यापूर्वीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे स्वरूपही भरतीपुरतेच होते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या तक्रारींत त्या योजनेचा उल्लेख आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मधील निर्णयात राज्यांना यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अंगीकारण्यास सांगितले. गर्भाशय काढण्याचे पैसे मिळतात, त्यानंतरच्या गोळीचे मिळत नाहीत, अशा व्यवस्थेत रुग्णालय कोणत्या बाजूला झुकेल हे प्रोत्साहनांच्या सिद्धांताचा पहिला पाठही सांगू शकेल.

यावर एक उपाय असा, की शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच पुढील उपचारांची तपासणी व ठराविक काळाची औषधे समाविष्ट करावीत. त्यास किती खर्च येईल याचा हिशेब अवघड नाही, पण त्यासाठी आधी एक साधी नोंद लागते. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर 'गर्भाशय काढले' एवढेच असते की बीजांडकोश ठेवले अथवा काढले हेही असते? तो एक शब्द नसेल, तर दहा वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरकडे गेलेल्या त्या बाईला स्वतःलाही ते सांगता येत नाही.