आचंद्रार्क परवाना

लखनौच्या दक्षिण भागात, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलीबाग नावाची वस्ती आहे. तेथील एखाद्या मराठी कुटुंबातला मुलगा सायंकाळी चार मित्र जमवून एक निराळाच खेळ मांडून बसला आहे, अशी कल्पना करावी. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका पत्करतात. सूत्रधाराने प्रसंग सांगावा, पात्रांनी आपली कृती सांगावी आणि ती सफल झाली की फसली याचा निवाडा वीस पैलूंच्या फाशाने करावा. या प्रकारचा आद्य खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

आता या मुलाने बड्या इमामबाड्यातील भुलभुलैया डोळ्यांपुढे ठेवून एक साहसकथा रचली. आसफउद्दौल्याने दुष्काळात बांधावयास घेतलेली ती वास्तू अशा कथेला किती अनुकूल आहे, हे तेथे एकदा वाट चुकलेल्यास सांगावयास नको. पुस्तक छापण्याचा खर्च वडिलांनी पत्करला. कथा मुलाची खरी, पण नियम परक्याचे. ते कोणाच्या अनुज्ञेने छापावयाचे?

आपल्याकडील 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये कल्पनेवर कोणाची मालकी नसते, असते ती शब्दरूपावर. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. तेव्हा फासा टाकण्याची रीत सर्वांना मोकळी आहे, त्या रीतीचे वर्णन करणारा मजकूर मात्र नाही. पण रीत कोठे संपते आणि मजकूर कोठे सुरू होतो, हा बांधाचा तंटा आहे. आणि बांधाचा तंटा लढविणे लहान प्रकाशकाला परवडत नाही. परवान्याचे खरे मोल तंट्यापासून मिळणाऱ्या या अभयात आहे.

असे अभय 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने 2000 साली 'ओपन गेम लायसन्स' या नावाने दिले. ते विनामूल्य, जगभर लागू आणि चिरकालीन होते. त्याच्या आधारावर अनेक लहान प्रकाशने उभी राहिली. 2009 साली 'पायझो' या संस्थेने 'पाथफाइंडर' हा प्रतिस्पर्धी खेळच त्यावर उभारला. परवान्यात 'चिरकालीन' हा शब्द होता. 'मागे न घेण्याजोगा' हा नव्हता. शिवाय नवव्या कलमात 'अधिकृत' आवृत्तीचा उल्लेख होता. जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा एक मसुदा बाहेर फुटला. त्यात जुनी आवृत्ती यापुढे अधिकृत नाही असे म्हटले होते, आणि साडेसात लाख डॉलरांवरील वार्षिक उत्पन्नाचा चौथा हिस्सा मागितला होता.

ज्यांच्या घरी जुनी सनद जपून ठेवलेली असेल, त्या मराठी श्रोत्यांना यात नवे काही वाटणार नाही. ताम्रपटावर 'आचंद्रार्क' कोरलेले असे, सनदेत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असे लिहिलेले असे. तरीही 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने ती दप्तरे उघडली आणि अनेकांची इनामे गेली. अवधमध्ये तर मार्च 1858 च्या जाहीरनाम्याने, मोजके जमीनदार वगळता, साऱ्या प्रांताची जमीनमालकीच सरकारजमा ठरविली. चंद्रसूर्य होते तेथेच राहिले.

जमिनीच्या परवान्यासंबंधी 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचे साठावे कलम मात्र अधिक न्यायबुद्धीचे आहे. परवाना देणाऱ्यास तो मागे घेता येतो. परंतु घेणाऱ्याने त्यावर विसंबून, पदरचा पैसा घालून, कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल तर नाही. ते कलम स्थावर मिळकतीपुरते आहे. वीस वर्षांत छापलेल्या शेकडो पुस्तकांना 'बांधकाम' म्हणता येईल काय, हा प्रश्न कोणा न्यायालयापुढे गेलाच नाही. खेळणारांचा क्षोभ एवढा झाला की 27 जानेवारी 2023 रोजी कंपनीने जुना परवाना तसाच ठेवला, आणि पाचव्या आवृत्तीची नियमसंहिता 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या केवळ श्रेयनिर्देश मागणाऱ्या परवान्याखाली दिली. या परवान्यात तो मागे घेता येणार नाही, असे स्पष्ट शब्द आहेत.

पायझोने त्याच वर्षी इतरांसह 'ऑर्क' नावाचा स्वतंत्र परवाना सिद्ध केला. तोही मागे घेता येत नाही. मात्र त्याची वृत्ती सामुदायिक विहिरीची आहे. त्याखाली घेतलेल्या नियमांत कोणी नव्याची भर घातली, तर ती भरही आपोआप सर्वांची होते. पात्रे, कथा, चित्रे मात्र ज्याची त्याचीच. क्रिएटिव्ह कॉमन्सचा तो परवाना अशी परतफेड मागत नाही. उदार अंतःकरणाचा माणूस ऑर्ककडे झुकेल, आणि ते योग्यच. पण ज्याच्या वडिलांची शिल्लक छपाईत गुंतणार आहे, त्याने पहिले पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या आधाराने काढावे हे बरे.

पुढेमागे याच मुलाला आपले स्वतःचे नियम इतरांस द्यावेसे वाटले, तर त्याने एक दक्षता घ्यावी. आपल्या कायद्याच्या 19 व्या व 30-अ कलमांप्रमाणे, परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. तूर्त त्याच्या पुस्तकात मूळ संहितेचे श्रेय देणारा विहित मजकूर ठळकपणे हवा. तो नजरचुकीने गळला तर परवाना आपोआप संपतो. चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत दुरुस्त केली तर तो पुन्हा सजीव होतो.