अतिथीला नकार : अधिकार की शरणागती?



२९ जुलै २०१७ च्या सायंकाळी बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीन वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरल्या. बाहेर एमआयएमच्या नेतृत्वाखाली जमाव घोषणा देत होता. ज्या हॉटेलात त्या उतरणार होत्या, तेथेही निदर्शक जमले होते. पोलिसांनी त्यांना विमानतळाबाहेर न सोडता मुंबईस परत पाठविले. बांगलादेशातील हिंदूंची वेदना 'लज्जा'मधून मांडल्यामुळे १९९४ साली देशास मुकलेली ही लेखिका कैलास लेणे न पाहताच परतली.

समजा, 'आपले लेखन आम्हांस आक्षेपार्ह वाटते' असे सांगून हॉटेलमालकानेच खोली नाकारली असती तर? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदानुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून दुकाने व हॉटेले यांत कोणासही मज्जाव करता येत नाही. या यादीत 'मत' नाही. परंतु कायद्याने न रोखलेली प्रत्येक गोष्ट उचित ठरत नाही. खोली निवाऱ्यासाठी असते. तेथे अतिथीच्या ग्रंथांची झडती कशासाठी?

वर्तनाची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२० मध्ये मुंबई-लखनौ विमानात कुणाल कामरा यांनी अर्णब गोस्वामी यांना आसनावर गाठून डिवचले. इंडिगोने सहा महिन्यांची प्रवासबंदी घातली. ती पुढे तीन महिन्यांवर आली. सहप्रवाशाला उठून जाता येत नाही, तेथे कंपनीने शिस्त राखलीच पाहिजे. मात्र ती नियमाने आणि चौकशीअंती.

रंगमंचाची गोष्ट आणखी निराळी. आपल्या मंचावरून काय बोलले जावे, हे ठरविण्याचा अधिकार सभागृहाच्या चालकास आहेच. पण २३ मार्च २०२५ रोजी मुंबईत खार येथील 'हॅबिटॅट'मध्ये घडले ते निराळेच. कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनाने संतापलेल्या शिवसैनिकांनी तेथे तोडफोड केली आणि चालकांनी सभागृह बंद ठेवण्याचे जाहीर केले. विडंबन कितीही झोंबणारे असो, त्याला उत्तर देण्यास शब्द आहेत, न्यायालये आहेत. मोडलेल्या खुर्च्यांसमोर दिलेला नकार हा विवेकाचा निर्णय नव्हे; ती शरणागती होय.

चिकलठाण्याच्या जमावाचा निषेध करावयाचा आणि खारच्या तोडफोडीकडे काणाडोळा करावयाचा, हे न्यायाचे नव्हे. तस्लिमांचीही सारी मते हिंदू समाजास रुचतात असे नाही. तरीही त्यांच्यासाठी वेरूळची वाट मोकळी असावयास हवी होती. आपल्या माणसाला एक माप आणि परक्याला दुसरे, असा व्यवहार ज्याच्या हाती असतो, त्याच्या तराजूवर कोणाचाच विश्वास उरत नाही.