औंध ते हिंजवडी, आणि आपल्या शाळेचं सायकल स्टँड

(1996 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. पण समोर बसलेल्यांपैकी कोणालाच आता त्या संधी घ्यायच्या नाहीत, आणि ज्या पोरांना घ्यायच्या आहेत ती आज शाळेला सुटी म्हणून घरी आहेत. तेव्हा मी सायकलवर बोलणार आहे. शेवटी थोडे पैसेही मागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी पुण्यात औंधला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. मधलं अंतर साधारण दहा किलोमीटर. 2018 पासून मी हे अंतर सायकलने जाते. लॉकडाउनची दोन वर्षं, मुसळधार पावसाचे दिवस आणि एक मोठा खंड, ज्याबद्दल पुढे सांगते, एवढं सोडलं तर रोज. याच्यात पर्यावरणप्रेम वगैरे काही नव्हतं. एका संध्याकाळी वाकडला महामार्गाच्या पुलाखाली माझी कार वीस मिनिटं जागची हलली नव्हती. एसी चालू, गाणी चालू, मी आत चिडलेली. शेजारून एक गवंडीकाम करणारे काका सायकलवरून गेले. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवीत थापी. गाड्यांच्या फटीतून निघून गेले. त्या दिवशी मला घरी पोचायला सव्वा तास लागला. पुढच्या रविवारी मी सायकलने तोच रस्ता जाऊन पाहिला, चाळीस मिनिटं लागली. सोमवारी परत गेले, गर्दीच्या वेळी. पंचेचाळीस मिनिटं. आम्ही सॉफ्टवेअरवाले आकडा दोनदा तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. आता कर्वेनगरात सायकलींचं एक संग्रहालय आहे, विक्रम पेंडसे यांचं. फार सुंदर आहे, पुण्यात आलात तर जरूर बघा. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची सायकलसुद्धा तिथे आहे. मी मुलाला घेऊन गेले होते. जिच्यावरून मी रोज ऑफिसला जाते ती वस्तू संग्रहालयात मांडलेली बघून तो म्हणाला, "आई, म्हणजे तू पण जुनी झालीस."

2018 च्या मार्चमध्ये पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली. माणसं तेव्हा साधारण 35 लाख. त्याच्या आधीच, डिसेंबर 2017 मध्ये, शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला होता. त्यात 800 किलोमीटरहून जास्त सायकल मार्गांचं जाळं कागदावर आहे. माझ्या रोजच्या रस्त्यावर त्यातलं जे काही वाट्याला येतं त्याच्यावर कधी कार उभी असते, कधी पाणीपुरीची गाडी, कधी वाळूचा ढीग. मग उरतो रस्त्याचा डावा काठ. राजीव गांधी पुलावरून मुळा नदी ओलांडायची (मूलची पोरगी रोज मुळा ओलांडते, हा विनोद माझा मीच केलेला आहे, पुण्यात कोणाला कळत नाही. तिथे गावाचं नाव सांगितलं की "मूल? म्हणजे लेकरू?" असं विचारतात), मग जगताप डेअरी, कस्पटे वस्ती, वाकड, आणि महामार्गाखालून हिंजवडी. बस डावीकडे घेते तेव्हा तिला आपण दिसत नाही. रिक्षा थांबते तेव्हा सांगून थांबत नाही. स्कूटरवाल्याला फोन आला की तो डाव्या काठालाच येतो. हे सगळं पाठ व्हायला मला सहा महिने लागले.

ऑफिसच्या गेटवर पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाल्या दादांनी अडवलं. पार्किंगच्या फॉर्ममध्ये चारचाकी आणि दुचाकी असे दोनच रकाने. दुचाकीपुढे गाडीचा नंबर लिहायचा. माझ्याकडे नंबर नाही. चार दिवस मी सायकल बाहेर झाडाला बांधली. शेवटी त्या दादांनीच मार्ग काढला, नंबरच्या जागी माझा कर्मचारी क्रमांक लिहिला. तोच अजून चालू आहे.

सगळ्यात जास्त विरोध मात्र मूलमधून झाला. आमच्या बाबांना कोणीतरी सांगितलं की तुमची पोरगी पुण्यात सायकलवर दिसली. बाबांचा फोन आला. "नोकरी गेली का?" मी म्हटलं नाही. "मग जावयाचं काही?" तेही नाही. "मग एवढी इंजिनिअर होऊन सायकलवर जाते काहून?" त्यांचं बरोबर होतं. त्यांनी स्वतः तीस वर्षं सायकल मारली ती मला मारावी लागू नये म्हणूनच. आपल्याकडे सायकल सोडणं हीच प्रगती होती. आधी लुना, मग मोटरसायकल, मग दारात कार. मी त्यांच्या दृष्टीने उलटी निघाले होते.

आता तो मोठा खंड. 2023 च्या फेब्रुवारीत कस्पटे वस्तीजवळ एका उभ्या कारचं दार माझ्यासमोर उघडलं. मी दारावर आदळले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कारवाला भला माणूस होता, दवाखान्यात सोबत आला, पण सारखं म्हणत होता, "ताई, या रस्त्यावर सायकल कशाला?" घरचे तेच म्हणाले, ऑफिसमधले तेच म्हणाले. मीही म्हटलं, सोडते. चार महिने कॅबने गेले. काही अडलं नाही. पगारातून पैसे गेले, वेळ गेला, एवढंच.

त्या चार महिन्यांत मला जी आठवत राहिली ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं नाव घेणार नाही, ती मला नंतर रागवेल. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सोमनाथकडच्या रस्त्यावरच्या गावातून ती यायची, सात किलोमीटर. घरात एकच सायकल, चोवीस इंची, तिच्या वडलांची. आधी कैची मारून शिकली, मग सीटवरून, पाय पुरत नसताना. शनिवारी सकाळची शाळा असली की हिवाळ्यात अंधारात निघायच्या, चार-पाच पोरी मिळून, सारखी घंटी वाजवत. रस्ता जंगलातला. तेव्हा वाघ आजच्याइतके दिसत नव्हते, अस्वलाची भीती जास्त असायची. मी गावातली, शाळेजवळची. तरी ती मला डबलसीट घरी सोडायची, कारण मला सायकल येत नव्हती. मला सायकल शिकवली तिनेच, शाळेमागच्या मैदानावर, नववीच्या दिवाळीच्या सुटीनंतर. मी पडले की म्हणायची, "ऊठ ना बापा, माय पाहून राह्यली का इथं?"

सहामाहीच्या परीक्षेत एकदा ती पुलावरच्या खड्ड्यात पडली. गुडघा फुटला होता, सलवार रक्ताने चिकटलेली. मॅडमनी हळद लावून रुमाल बांधला आणि तिने पेपर लिहिला. गणिताचा. माझ्यापेक्षा चार मार्क जास्त.

दहावीनंतर तिने शाळा सोडली. पडण्यामुळे नाही आणि मार्कांमुळे तर नाहीच. तिचा धाकटा भाऊ आठवीत गेला आणि घरात सायकल एकच होती. मी अकरावीत गेले, बारावीनंतर नागपूरला इंजिनिअरिंग, मग पुणे. माझं मनगट मोडलं तेव्हा माझ्याकडे कॅब होती. तिच्याकडे तेव्हा पर्याय म्हणजे घरी बसणं. ती सायकल घरी कोणाची, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या दोघींचे रस्ते फुटले. हे मला तेव्हा समजलं नाही. समजलं असतं तरी मी काय केलं असतं, माहीत नाही.

जूनमध्ये मी परत सायकल काढली. आता उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवून चालवते. मागचा हॉर्न ऐकू येतो आणि मी ऐकत नाही.

आता पैशांचं. आपल्या बॅचचा निधी जमला आहे आणि शाळेला प्रवेशद्वारावर कमान बांधून द्यायचं जवळजवळ ठरलं आहे. कमानीवर बॅचचं नाव येईल. मला नाव आवडतं, खोटं कशाला बोलू. पण काल दुपारी मी शाळेत गेले होते. मागच्या भिंतीला लागून मी 43 सायकली मोजल्या, सगळ्या उन्हात. त्यातल्या सात पंक्चर. बऱ्याच मुलींच्या. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत गरजू मुलींना सायकली मिळतात, लांबच्या गावांसाठी निळी बस असते. आपल्या वेळी यातलं काहीच नव्हतं, हे फार चांगलं झालं आहे. पण मिळालेल्या सायकलची ट्यूब उन्हात तडकली, तर पोरगी दोन-तीन दिवस घरी राहते. एका मुलीला मी विचारलं, ती म्हणाली, "बाबा बाजाराच्या दिवशी आणतील सोलुशन." बाजार आठवड्यातून एकदा.

म्हणून माझं म्हणणं असं, की कमानीऐवजी पत्र्याचं सायकल शेड बांधू. साठ सायकलींचं. एक मोठा उभा पंप, पाने, पंक्चरचं सामान, आणि शनिवारी शाळा सुटायच्या आधी दोन तास गावातला सायकल दुरुस्तीवाला येऊन बसेल, त्याचे महिन्याचे पैसे मी वर्षभर देते, पुढचं पुढे पाहू. पोरींना पंक्चर काढायलाही शिकवायचं. शिकवणारी मी सुचवली आहे, तिसऱ्या रांगेतून मघापासून ती नाही म्हणून मान हलवते आहे.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मी अंदाजपत्रक करून आणलं आहे. 1 लाख 65 हजार, रंगासह. पुढच्या खांबावर बॅचचं नाव लिहायला जागाही ठेवली आहे. कागद चहाच्या टेबलावर ठेवते. कमानीच्या बाजूने असलेल्यांनीही तो बघावा, आणि जेवणाआधी हात वर करून काय ते ठरवू.