ताट तसंच का परत आलं?



ज्या एचपीटी कॉलेजात मी शिकले, तिथे आज पाहुणी म्हणून उभी आहे. प्राचार्य सरांनी मला 'तरुणाई आणि मानसिक आरोग्य' हा विषय दिलाय. पण कॉलेज रोडला वळले आणि आठवल्या त्या विसे मळ्यातल्या आमच्या मेसच्या मावशी.

मेसमध्ये निफाडकडचा एक मुलगा यायचा. त्याचं ताट तसंच परत येतंय, हे गर्दीतही मावशींनी हेरलं. पोळी मोडलेली, भात नुसता चिवडलेला. पदराला हात पुसत त्या त्याच्याशेजारी बसल्या. "झोप लागते का रे? जीव नकोसा झालाय का?" सरळच विचारलं. पोरगं ढसाढसा रडलं. त्यांनी एसटीडीवरून वडिलांना बोलावलं आणि ते येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही. असं विचारल्याने नको ते मनात भरतं, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

गर्दीत बाकीचे पुढे का येत नाहीत, याचं शास्त्र थोडक्यात सांगते. १९६८ मध्ये लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी खोलीत धूर सोडून पाहिलं. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. शेजारी दोघे ढिम्म बसवले, तेव्हा फक्त १० टक्के. समोरचा आपला वाटला आणि काय करायचं ते ठाऊक असलं, की माणूस पाऊल उचलतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवानींचंही तसंच झालं. त्यांना मुंबईत एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उपचारांसाठी नेलं. बरा झाल्यावर कळलं, तो पदवीधर होता! त्यातून 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. २०१८ मध्ये डॉ. भरत वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुलांनो, 'बघेल कोणीतरी' म्हणू नका. जवळ जा, नावाने हाक मारा, शेजारी बसा. उपदेश नको, नुसते बसा. पुढे बसलेल्या पालकांनो, मार्कांच्या आधी झोपेची चौकशी करा. आणि प्राचार्य सर, कडेला उभे असलेले शिपाई काका, ग्रंथालयातल्या ताई, कोण रोज एकटं बसतं हे यांना आपल्या आधी कळतं. त्यांनी सांगितलेलं ऐकून घेणारं कोणीतरी नेमा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये घ्या. आणि वर्गातला एखादा बाक रिकामा दिसू लागला, तर त्याच संध्याकाळी तिथे बसणाऱ्याच्या खोलीवर जा.