फवारणीच्या ड्रोनची पाती

वाळवा-कराडकडच्या उंच उसात पाठीवर पंप घेऊन शिरता येत नाही. तिथं ड्रोन फवारणी करतो. २०२३ साली नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली आणि बचत गटांतल्या ताईही ही यंत्रं चालवू लागल्या. उसाचा शेंडा किंवा बांधावरची फांदी लागली, की पहिला मार पात्याला बसतो.

ड्रोन थरथरतोय, आवाज चिरका झालाय? लगेच उतरवा आणि आधी बॅटरी काढा. ती जोडलेली असताना मोटर अचानक फिरली, तर बोटं जातील. म्हणून हे मी पुन्हा सांगतो: बॅटरी आधी, हात नंतर.

मग हातमोजे घालून औषधाचा चिकटा पुसा, पातं उजेडात धरा. बुडाजवळची केसाएवढी चीर सर्वांत घातक. चिरलेलं पातं गोंदानं जोडू नका, नवंच लावा. घडीची पाती जोडीनंच बदला, नाहीतर तोल बिघडतो. फिरण्याच्या दिशेची खूण मोटरशी जुळवा. चुकीचं पातं बसलं तर ड्रोन उडतानाच उलटतो.

पाती चांगली असूनही एकच दांडा थरथरतो? बॅटरी काढलेलीच ठेवून मोटर हातानं फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं, ते काम दुरुस्ती केंद्राचं. मोटर चालू करून तपासायची, तर पाती उतरवूनच. शेवटची चाचणी टाकी रिकामी ठेवून, मोकळ्या रानात, माणसं-जनावरं लांब ठेवून, कमी उंचीवर घ्या.