वजन उतरवणारी सुई : खरी कोणती, अर्धवट कोणती



‘पेप्टाइड’ हा शब्द आता आपल्या बाजूलाही पोचलाय. तालुक्याच्या जिममध्ये ऐकू येतो, मोबाइलवर दिसतो. मुलीचं लग्न ठरलं की आई हळूच विचारते, “ती सुई घेतली तर दोन महिन्यांत दहा किलो उतरतात म्हणे, खरं का?” खोटं म्हणून उडवून लावावं असं हे प्रकरण नाही आणि खरं म्हणून मान डोलवावी असंही नाही. म्हणून जरा सविस्तर बोलते.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा. डाळीत, अंड्यात जी प्रथिनं असतात ती लांब माळ धरली, तर पेप्टाइड म्हणजे त्यातले थोडे मणी. आपलं शरीर स्वतःही अशा माळा बनवतं. साखरेच्या पेशंटला देतात ते इन्सुलिन याच जातीचं. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं, म्हणून ही औषधं बहुतेक सुईनंच द्यावी लागतात.

आपण जेवलो की आतड्यातून एक संदेश मेंदूकडे जातो : पोट भरलं, आता बस. तो संदेश नेणाऱ्या पेप्टाइडचं नाव जीएलपी-१. ते शरीरात काही मिनिटंच टिकतं. मग शास्त्रज्ञांनी त्यासारखंच, पण जास्त टिकणारं औषध शोधलं. त्यातलं पहिलं औषध अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेतल्या पदार्थावरून बनलं आणि २००५ साली मधुमेहासाठी आलं. घोरपडीच्या त्या भावकीला कुणी औषधाचं श्रेय दिलं नसतं!

पुढे सेमाग्लुटाइड आलं. १९६१ माणसांवर ६८ आठवडे चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांहून कमी. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईचे साधारण बारा किलो, आणि तेही सव्वा वर्षात, दोन महिन्यांत नव्हे. त्यानंतरचं टिर्झेपाटाइड आणखी जोरदार निघालं. ही दोन्ही औषधं २०२५ साली वजनासाठी म्हणून भारतातही आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, आली तेव्हा महाग होती. खूप जास्त वजन, किंवा जास्त वजनासोबत साखर, बीपी असे आजार, अशांसाठी ती आहेत. लग्नाच्या फोटोसाठी नाहीत.

या चांगल्या औषधांचाही त्रास आहेच. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ. काहींना पित्ताशयात खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. चरबीबरोबर अंगातलं मांसही उतरतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईची भूक मारली आणि ती दोन घास खाऊन उठू लागली, तर काटा खाली येईल, पण डोक्यावर भारा उचलायची ताकदही जाईल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण काट्यावर चरबी आणि मांस वेगळं दिसत नाही. शिवाय औषध बंद केलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत चढलं.

आणखी एक गोष्ट, जी जिमवाला सांगणार नाही. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर चार आठवडे माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, तेव्हा निरोधसारखं दुसरं साधन लागतं. आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं. लग्नाच्या तोंडावर सुई घेणाऱ्या मुलीला हे कुणी सांगितलंय का, विचारा.

आता अर्धवट औषधं. सध्या सगळ्यात गाजतंय ते रेटाट्रुटाइड. २०२३ साली त्याच्या ३३८ जणांवरच्या चाचणीचे आकडे छापून आले : मोठ्या डोसवर ४८ आठवड्यांत २४ टक्के वजन उतरलं. आकडा खरा आहे. पण त्याच चाचणीत हृदयाचे ठोकेही वाढलेले दिसले. म्हणून पुढे हजारो लोकांवर तपासणं सुरू झालं. २०२५ संपेपर्यंत जगात कुठेही ते विकायला परवानगी मिळालेली नव्हती. तरी पावडरच्या बाटल्या विकल्या जातात, वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. चाचणीतल्या माणसाचं रक्त डॉक्टर वेळोवेळी तपासत होते. बाटली घेणाऱ्या बाईचं कोण तपासणार?

दुसरं एक, एओडी-९६०४. वाढीच्या हार्मोनचा तुकडा. उंदरांची चरबी उतरली म्हणून ऑस्ट्रेलियात पाचशेहून जास्त माणसांवर २४ आठवडे तपासलं. वजन म्हणावं तसं उतरलं नाही, २००७ साली कंपनीनं नाद सोडला. बाजारानं मात्र अजून सोडला नाही. उंदरांचं सांगतात, माणसांचं सांगत नाहीत.

माझी खरी भीती त्या बाटलीचीच आहे. आत काय आहे, किती आहे, कुणी पाहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. बरं, माल खरा असला तरी पावडरीत पाणी घालून डोस आपणच काढायचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० रेघांचा एक मिली, नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १०० रेघांचा. कुणी सांगितलं ‘दहापर्यंत भर’, आणि हातात नारिंगीऐवजी लाल आली, तर औषध अडीचपट जातं. अमेरिकेत बाटलीतून स्वतः सेमाग्लुटाइड भरून घेणाऱ्यांनी पाचपट ते वीसपट डोस घेतल्याचं तिथल्या औषध खात्यानं २०२४ साली जाहीर केलं. लोक उलट्या करत दवाखान्यात पोचले. वर ही औषधं थंड ठेवावी लागतात. लसीचा डबा आशाताई किती जपून नेतात ते आपण बघतोच. कुरियरनं उन्हातून आलेल्या बाटलीचं काय झालं असेल?

कुणाला जाड म्हणून हिणवलं जातं, आणि त्यातूनच ही बाटली घरात येते, हेही मला ठाऊक आहे. वजन वाढणं हा आळस नव्हे. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, काही औषधं, बाळंतपण, कारणं पुष्कळ असतात. ती ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. साखर, थायरॉइडची तपासणी गटाच्या कर्जातून घेतलेल्या बाटलीपेक्षा स्वस्तच पडेल.

आणि कुणी आधीच सुई घेत असेल, तर रागावू नका, तिला लपवायला लावू नका. बाटली आणि सिरिंज घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. पोटात जोराची कळ येऊन पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. घाम फुटून हातपाय थरथरत असतील आणि ती शुद्धीवर असेल, तर आधी साखरेचं पाणी पाजा, मग गाडीत बसवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. बाटली मात्र फेकू नका, डॉक्टरांना तिच्यावरचं लेबल बघायचं असतं.